प्रवाळांचा प्रवास : एका भूलतज्ज्ञाची टिपणे

दरवर्षी स्मरणिकेच्या वेळी संपादक मंडळाचा निरोप येतो आणि दरवर्षी मी शस्त्रक्रियेपूर्वीची काळजी, भूल आणि गैरसमज अशा ठरावीक विषयांवर चार पाने लिहून देतो. यंदा विषय थोडा निराळा घेतला आहे. मात्र वाचून झाल्यावर तो आपल्या व्यवसायापासून फारसा दूर नाही असे वाचकांनाही वाटेल, अशी आशा आहे.

माझी लेक आणि जावई अमेरिकेत असतात. जावयांना खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा छंद आहे. त्यांच्या दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत मासे थोडे आणि जिवंत प्रवाळ जास्त. २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात मी तिकडे असतानाच त्यांची बदली ओहायो राज्यातील कोलंबसहून नॉर्थ कॅरोलायनातील रॅले येथे झाली. अंतर सुमारे सव्वासातशे किलोमीटर, वाटेत वेस्ट व्हर्जिनियाचा डोंगराळ मुलूख आणि सकाळची कडाक्याची थंडी. घरातील सामानासाठी मोठा ट्रक ठरला होता. प्रश्न होता तो प्रवाळांच्या बावीस तुकड्यांचा. ते गाडीतूनच न्यावे लागणार होते.

हा प्रश्न घरात सर्वांनाच टोचत होता, कारण २०१८ साली डॅलसहून कोलंबसला येताना त्यांनी टाकीतील निम्म्याहून अधिक प्रवाळ गमावले होते. नऊ वर्षांच्या नातीला ते अंधुक आठवत होते. ती मला म्हणाली, "आजोबा, हे पण पेशंटच आहेत ना? मग तुम्ही आमच्या गाडीत बसा." छत्तीस वर्षे भूल देण्यात घालवलेल्या माणसाला एवढे आमंत्रण पुरेसे होते.

प्रवाळ म्हणजे नेमके काय?

आपल्यापैकी अनेकांना पोवळे ठाऊक आहे ते मंगळाच्या अंगठीतले. ते भूमध्य समुद्रातील लाल प्रवाळाच्या सांगाड्यापासून घडवलेले असते. तो प्रवाळ अंधुक उजेडात वाढतो. मत्स्यालयातील प्रवाळ बहुधा उष्ण कटिबंधातील उथळ, स्वच्छ, उजेडाच्या पाण्यातले असतात. दिसायला ते झाड, फूल किंवा दगड वाटतात. प्रत्यक्षात ती प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येक प्राणी म्हणजे एक इवलीशी पिशवी, तिला एकच तोंड आणि तोंडाभोवती दंश करणाऱ्या स्पर्शिका. कठीण प्रवाळ आपल्याखाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. मऊ प्रवाळांना असा सांगाडा नसतो.

या प्राण्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखे राहते. ते उजेडात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. दिवसा त्याच्याकडून प्राणवायूही मिळतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून एखाद्या अंशाने वाढले आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर टाकले जाते, पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो आणि प्राणी उपाशी पडतो. प्रवाळ पांढरे पडले असे आपण वाचतो त्याचा अर्थ हा. एका अंशाला एवढे महत्त्व असणारा हा रुग्ण आपल्याला गाडीतून न्यायचा होता.

पहिल्या प्रवासाचे शवविच्छेदन

भूलशास्त्रात एक सवय अंगी बाणते. एखादी केस बिघडली तर दुसरी हाती घेण्याआधी पहिलीचा कागद पुन्हा वाचायचा. म्हणून मी जावयांना २०१८ चा प्रवास आठवेल तसा सांगायला लावला. दोन दिवसांचा रस्ता, मध्ये एक रात्र मोटेलात. प्रवाळ पिशव्यांत बंद करून जवळजवळ तीस तास झाले होते. घरी पोहोचल्यावर त्यांनी अतिशय काळजीने वागायचे ठरवले. पिशव्या उघडून बादलीत ओतल्या आणि टाकीचे पाणी बारीक नळीने थेंबथेंब त्यात सोडत दोन तास धीर धरला. दुसऱ्या दिवसापासून प्रवाळांचे मांस सांगाड्यावरून सुटू लागले.

थंडीचाही त्यात हात असेल. रात्री खोलीत पेटी किती गार झाली होती याची नोंद नव्हती. पण माझे लक्ष त्या दोन तासांच्या 'काळजी'वर खिळले. त्याचे कारण आपल्यापैकी यकृताचे रुग्ण पाहणाऱ्यांच्या लगेच ध्यानात येईल.

बंद पिशवीत प्राणी श्वसन करत राहतात. कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी हळूहळू कमी अल्कधर्मी होते आणि पीएच उतरतो. त्याच वेळी उत्सर्जनातून आणि सुटलेल्या श्लेष्म्यातून अमोनियाही साठतो. मात्र पीएच उतरलेला असल्यामुळे त्यातील बहुतेक भाग अमोनियम या भारित रूपात असतो आणि ते रूप पेशींत सहज शिरत नाही. लॅक्ट्युलोज देऊन आपण मोठ्या आतड्यात आम्लता निर्माण करतो आणि अमोनियाला तेथेच अडकवतो, तोच हा न्याय. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वर चढतो. पीएच एका अंकाने वाढला की मुक्त, विषारी अमोनियाचे प्रमाण जवळजवळ दहापट होते. मग त्याच पाण्यात प्राण्याला दोन तास ठेवणे म्हणजे सर्वांत वाईट घटका लांबवणे होय. आपल्याला वाटते प्रवास संपला; रुग्णाचा कठीण काळ तेव्हा सुरू झालेला असतो.

हे ऐकून जावई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, म्हणजे मीच मारले त्यांना." मी त्यांना सांगितले की आमच्या व्यवसायात हे वाक्य प्रत्येकाने एकदा तरी मनात उच्चारलेले असते. त्यानंतर माणूस काय करतो ते महत्त्वाचे.

आधी खाट, मग रुग्ण

दवाखाना बदलताना पलीकडे खाट तयार असल्याशिवाय रुग्ण हलवत नाहीत. येथेही तेच केले. जावई एक आठवडा आधी रॅलेला जाऊन आले. नव्या घरात दीडशे लिटरचा एक टब मांडला, शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री मीठ मिसळून लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास क्षारता साधली, हीटर पंचवीस अंश सेल्सिअसवर लावला आणि पाणी फिरवणारा पंप सुरू केला. जुन्या टाकीतील निम्मे दगड ओल्या अवस्थेत नेऊन त्यात ठेवले. हे दगड शोभेचे नसतात. अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू त्यांच्या छिद्रांत वसलेले असतात. ते वाळले किंवा तापले तर जिवाणू मरतात आणि नव्या टाकीत अमोनिया वाढतो. शेजारच्या एका छंदी मित्राने आठवडाभर त्या टबावर लक्ष ठेवले.

जुन्या टाकीच्या तळाची वाळू मात्र न्यायची नाही असे ठरले. जाड वाळूच्या खालच्या थरात प्राणवायू नसतो. ती ढवळली की सडका वास देणारा हायड्रोजन सल्फाइड आणि साठलेली घाण पाण्यात मिसळते. नवी वाळू स्वस्त पडते.

उपवास, आवरण आणि श्वास

निघण्याच्या आदल्या दिवसापासून प्रवाळांना आणि माशांना खाणे बंद केले. शस्त्रक्रियेआधीचा उपवास रोगी पचवतो तसा हे प्राणीही पचवतात. पोटात अन्न नसले की पाणी कमी बिघडते. निघण्याच्या पहाटे टाकीचे दिवे लावलेच नाहीत. हॅमर जातीच्या मांसल प्रवाळांचे फुगलेले मांस पाण्याबाहेर काढले तर स्वतःच्या भाराने सांगाड्याच्या धारेवर फाटते. म्हणून हलक्या हाताने पाणी हलवून ते आत मिटेपर्यंत थांबलो आणि मगच पाण्याखालीच पिशवीत घेतले.

प्रत्येक तुकडा स्वतंत्र पिशवीत ठेवला. अनेक प्रवाळ शेजाऱ्याला दंश करतात. एका पिशवीत दोघांना कोंबले तर प्रवासभर युद्ध चालते. सांगाडा टोकदार असल्याने पिशव्या दुहेरी घेतल्या. शिंगासारख्या फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोराचे मांस फार पातळ असते आणि पिशवीला घासून ते सोलते. त्याच्यासाठी छंदी मंडळींची एक युक्ती आहे. तुकड्याची बैठक रबर बँडने थर्माकोलच्या चकतीला बांधायची आणि चकती पाण्यावर तरंगत ठेवायची. प्रवाळ उलटा लटकतो आणि कशालाच टेकत नाही.

पिशवीत पाणी किती आणि हवा किती? नवशिका माणूस पाणी काठोकाठ भरतो. पंचवीस अंशांच्या एक लिटर समुद्रजलात जेमतेम सात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर एक लिटर हवेत तो सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम असतो. म्हणून प्रवाळ पूर्ण बुडेल इतके पाणी, साधारण तृतीयांश, आणि उरलेली हवा. गाडीच्या हलण्याने पाणी डुचमळते आणि हवेतला प्राणवायू पाण्यात उतरत राहतो. अंधारात शैवाल प्राणवायू देत नाही, उलट तेही तो वापरते. आठ-नऊ तासांसाठी हवा पुरते. प्रवास दीर्घ असेल तर पिशवीत शुद्ध प्राणवायू भरून घेतात. अंधाराची काळजी नको. रात्र प्रवाळांना रोजचीच असते आणि एखाद्या दिवसाचा अंधार ते सहन करतात.

तापमानाचा तक्ता

पिशव्या जाड भिंतीच्या थर्माकोलच्या पेटीत उभ्या ठेवल्या आणि मोकळ्या जागांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. पेटी डिकीत न ठेवता मागच्या आसनावर नातीशेजारी, पट्ट्याने बांधून ठेवली. डिकीत गाडीच्या हीटरची ऊब पोहोचेलच असे नाही. हवेशी संपर्क आला की ऊब देणाऱ्या लोहचूर्णाच्या दोन पुड्या कागदात गुंडाळून झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवल्या. त्या पिशवीला टेकल्या तर तेवढ्याच जागी पाणी तापते. शिवाय त्यांना हवा लागते, म्हणून झाकणाला एक लहान भोक ठेवले. पेटीत तापमापकाचा संवेदक आणि बाहेर त्याचा आकडा.

तो आकडा दर अर्ध्या तासाला वहीत लिहिण्याचे काम नातीकडे. मी तिला भुलेच्या तक्त्यासारखे रकाने आखून दिले : वेळ, पेटीचे तापमान, बाहेरचे तापमान, शेरा. निघताना पेटीत पंचवीस अंश. डोंगरात बेकलीजवळ बाहेर चार अंश आणि पेटीत तेवीस. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिले होते, 'आजोबा काळजीत.' गाडीचा हीटर वाढवला, आम्ही स्वेटर काढून बसलो आणि तासाभरात आकडा चोवीसवर आला. पेटी उघडून पुड्या हलवण्याचा मोह झाला होता. पण उघडण्याने जाणारी ऊब मिळणाऱ्या उबेपेक्षा जास्त असते. हळूहळू झालेला एक-दोन अंशांचा फरक हे प्राणी सोसतात. झटका सोसत नाहीत.

जेवणासाठी थांबलो तेव्हा पाळीपाळीने उतरलो. चालू गाडीत एक माणूस बसून राहिला. उन्हाळ्यात हा नियम दुप्पट महत्त्वाचा ठरतो. उन्हात उभ्या बंद गाडीचे तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास चढू शकते. लहान मुलांच्या बाबतीत आपण पालकांना हेच बजावत असतो. उन्हाळी प्रवासात ऊब देणाऱ्या पुड्यांऐवजी टॉवेलात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली ठेवतात. तीही पिशवीला टेकू द्यायची नाही.

विथव्हिलजवळ नातीने पेटीखालचा कागद ओला झाल्याचे सांगितले. एका हॅमर प्रवाळाने आतली पिशवी भोसकली होती आणि बाहेरच्या पिशवीची गाठ सैल होती. सोबत घेतलेल्या दोन बाटल्या टाकीचे पाणी आणि जादा पिशव्या तेव्हा उपयोगी पडल्या. आणीबाणीचा ट्रे रोज मांडावा लागतो. तो उघडावा लागणारा दिवस सांगून येत नाही.

हाताळणाऱ्याची सुरक्षितता

येथे डॉक्टर वाचकांसाठी एक गंभीर टीप. बटणांच्या झुबक्यासारखे दिसणारे झोअँथिड आणि पॅलिथोआ जातीचे जीव मत्स्यालयांत सर्रास असतात. त्यांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. हवाई विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ते १९७१ साली वेगळे केले. पेशीच्या पटलावरील सोडियम-पोटॅशियम पंपाला ते बिलगते आणि त्या पंपाचे सताड उघडे दार करून टाकते. पेशीतला पोटॅशियम बाहेर आणि सोडियम आत धावतो. हे दगड उकळणे, गरम पाण्याने किंवा ब्रशने घासणे यांतून उडालेली वाफ आणि तुषार श्वासात गेल्याने माणसे दवाखान्यात पोहोचली आहेत. २०१८ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात टाकी साफ करताना एक अख्खे कुटुंब असे आजारी पडले होते. डोळ्यात तुषार गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते. उतारा उपलब्ध नाही, उपचार लक्षणांनुसार. म्हणून आम्ही हातमोजे आणि चष्मे घालूनच हे तुकडे बांधले. ताप, थंडी, धाप आणि स्नायुदुखी घेऊन आलेल्या छंदी माणसाला, घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे का, हा एक प्रश्न जरूर विचारावा.

पोहोचल्यानंतर

संध्याकाळी रॅलेला पोहोचलो. बंद पिशव्या वीस मिनिटे टबाच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, म्हणजे तापमान जुळले. क्षारता दोन्हीकडे आधीच एक केली होती. मग एकेक पिशवी उघडायची, प्रवाळ हातमोज्यातल्या हाताने बैठकीला धरून थेट टबात ठेवायचा आणि पिशवीतले पाणी मोरीत ओतून द्यायचे. थेंबथेंब सोडण्याचा विधी या वेळी नव्हता. जावयांचा हात पहिल्या पिशवीशी क्षणभर थांबला. चार वर्षांपूर्वीच्या सावधपणाच्या बरोबर उलट त्यांना करायचे होते. मग त्यांनी गाठ सोडली.

पुढचे तीन दिवस उजेड मंद ठेवला आणि नंतर दोन आठवड्यांत हळूहळू वाढवला. थकलेल्या शैवालावर एकदम प्रखर प्रकाश पडला तर तेही जखमी होते. पाण्यातील अमोनिया रोज तपासला आणि चौथ्या दिवशी थोडे अन्न दिले. बावीस तुकड्यांपैकी एकवीस जगले. एक अ‍ॅक्रोपोरा आठव्या दिवशी खालून वर पांढरा होत गेला. त्याची नोंदही वहीत आहे.

आपल्याकडचे प्रवाळ

हे वाचून कुणाला असा छंद भारतात सुरू करावासा वाटला तर आधीच सांगतो की आपल्याकडे कठीण प्रवाळांच्या सर्व जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून काढणे, बाळगणे किंवा विकणे हा वाघाच्या शिकारीच्या पंक्तीतला गुन्हा आहे. समुद्रकिनारी स्मृती म्हणून विकला जाणारा पांढरा प्रवाळही घेऊ नये. आपले प्रवाळ पाहायचे तर मालवणच्या समुद्रात आहेत, गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ आहेत आणि विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांचे नाव मिरवणाऱ्या आंग्रिया बँकेवर आहेत.

मात्र त्यांना हलवण्याची वेळ आपल्याकडेही येते. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या आड येणारे वरळी आणि हाजीअली येथील प्रवाळांचे अठरा समूह २०२० च्या अखेरीस गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या मदतीने रीतसर परवानगीने दुसरीकडे हलवण्यात आले. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर २०१४ मध्ये प्रवाळांचा एक संसर्गजन्य रोग दिसू लागला. तेव्हा निरोगी प्रवाळ काढून कोलोरॅडो, नेब्रास्का अशा समुद्र नसलेल्या राज्यांतील मत्स्यालयांत सुरक्षित ठेवले गेले. २०२३ च्या उन्हाळ्यात तेथील समुद्र तापला, तेव्हा समुद्रातल्या रोपवाटिकांमधून प्रवाळ घाईने जमिनीवरच्या टाक्यांत आणावे लागले. पिशवीत पाणी किती आणि हवा किती, हा प्रश्न आता केवळ छंदी माणसांचा राहिलेला नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर, इतकी वर्षे रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात नेताना माझे सारे लक्ष रस्त्यावर असे. या प्रवासाने मला पुन्हा दाखवून दिले की दोन्ही टोकांची तयारी रस्त्याहून मोठी असते, आणि सदिच्छेने केलेली काळजीही शरीरक्रिया समजून घेतली नाही तर घातक ठरते.

नातीची ती वही मी मागून आणली आहे. इंदूरच्या घरी माझ्या टेबलावर असते. आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी अशी टाकी असेल आणि घर बदलण्याचा योग आला, तर हा लेख त्यांना जरूर पाठवावा. वहीतले रकाने हवे असतील तर मी उतरवून देईन.